राडारोड्यातून काँक्रीट : कोठे चालते, कोठे नाही

पावसाळा ओसरला की आपल्या धर्मग्रामांतील गावोगावी जुनी घरे पाडून नवी बांधण्याची लगबग सुरू होते. कौले, वासे, दारे-खिडक्या यांना गिऱ्हाईक मिळते, सळया भंगारवाला नेतो. उरतो तो राडारोडा. रात्री डंपर येतो आणि तो कोठे रिकामा होतो, हे आपण सहसा विचारीत नाही. खाडीकाठच्या तिवरांत, मिठागरांत व पाणथळ जागांत पडलेले ढीग मात्र आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुढच्या पावसात पाणी घरात शिरले की तक्रार करणारेही आपणच असतो.

पाडलेल्यातून नवे बांधणे ही काही आजची कल्पना नव्हे. आपल्याकडील जुने गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत उद्ध्वस्त शहरांच्या विटा फोडून त्या खडीचे काँक्रीट करण्यात आले. १९५१ साली त्यासाठी स्वतंत्र मानकही निघाले. त्याच देशातील ड्यूरेन येथील सेंट अ‍ॅना चर्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले होते. वास्तुविशारद रुडॉल्फ श्वार्त्स यांनी जुन्या चर्चचेच दगड वापरून तेथे नवे चर्च उभारले, ते १९५६ साली पूर्ण झाले.

आज हे काम यंत्रे करतात. काँक्रीटचे तुकडे फोडतात, लोहचुंबकाने सळया वेगळ्या काढतात, मग चाळून व धुऊन खडी आणि वाळू मिळते. परंतु ही खडी काळ्या दगडाच्या खडीसारखी नसते. तिला जुने सिमेंट चिकटलेले असते व ते पाणी शोषते. काळी खडी सामान्यतः एक-दोन टक्क्यांपर्यंत पाणी शोषते, ही तीन ते आठ टक्क्यांपर्यंत. खडी आधी भिजवून न घेतल्यास ती मिश्रणातील पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो, मग कामगार वरून पाणी ओततो आणि काँक्रीट कमजोर होते.

म्हणूनच आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ साली परवानगी देताना मर्यादाही घातल्या. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी सळईच्या कामात २० टक्क्यांपर्यंत, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच चालते. सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. पायाखालच्या, एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या थरात मात्र सर्व खडी अशी असली तरी हरकत नाही. विटामिश्रित राडारोड्याची खडी याच शेवटच्या कामापुरती. एखादा ठेकेदार स्वस्तात पडते म्हणून स्लॅबसाठी ती सुचवू लागला, तर त्याला नकार द्यावा.

आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वर्गीकरण. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे मिसळले तर त्यातील सल्फेटमुळे काँक्रीट फुगून तडकू शकते. समुद्रकाठच्या इमारतींच्या तुकड्यांत मुरलेले मीठ नव्या सळयांना गंज आणते. आपल्या किनारपट्टीवर हा धोका खराच आहे, त्यामुळे तपासणी न केलेली खडी सळईच्या कामात घालू नये.

मुंबई महापालिकेसाठी दहिसर व शीळ-डायघर येथे दररोज प्रत्येकी ६०० टन राडारोडा हाताळणारे प्रकल्प २०२४-२५ मध्ये सुरू झाले. दिल्लीत बुराडी येथे तर २००९ पासून असे काम होत आले आहे, आणि २०१९ साली उद्घाटन झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अतिरिक्त इमारतीत राडारोड्यापासून बनविलेले ठोकळे वापरले गेले. केंद्र सरकारने २०२५ साली केलेल्या नियमांत अशा पुनर्वापराची सक्ती २०,००० चौरस मीटर वा अधिक बांधकामाच्या प्रकल्पांवर आहे. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ अशी ठरविण्यात आली.

एकमजली घर पाडणाऱ्यावर ही सक्ती नाही. तरीही पाडकामाचा करार करतानाच काँक्रीट, विटा, लाकूड व प्लास्टर यांचे चार वेगळे ढीग करावेत, असे लिहून घेता येते. विटांचा चुरा आपल्याच अंगणाच्या वाटेखाली वा जोत्याच्या भरावात जिरतो. उरलेला माल कोठे उतरविला, त्याची पावती ठेकेदाराकडून मागून घ्यावी. ती हाती आल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये.