ढलप्यांच्या जहाजात उतरण्याआधी

कागदाच्या लगद्यासाठी लागणाऱ्या लाकडाच्या ढलप्या व्हिएतनाम, ऑस्ट्रेलिया, चिली अशा देशांतून जपानला जातात, त्या खास बांधलेल्या जहाजांतून. ढलप्या वजनाला हलक्या, पण जागा फार खातात. एक टन कोळसा साधारण सव्वा घनमीटरात मावतो. एक टन ढलप्यांना तीन घनमीटर लागतात. म्हणून या जहाजांची कोठारं अवाढव्य असतात. मोठ्या जहाजात सगळी मिळून एक लाख घनमीटर माल बसतो.

बंदरात जहाजावरच्याच क्रेन ग्रॅबने ढलप्या उपसतात आणि डेकवरच्या हॉपरमध्ये ओततात. तिथून पट्ट्यावरून माल धक्क्यावर जातो. तळ जवळ आला की कोपऱ्यातला माल ग्रॅबच्या हाती लागत नाही. मग क्रेनने बुलडोझर आत सोडावा लागतो आणि माणसंही उतरतात. माल तपासायला किंवा नमुना घ्यायला तर कुणीतरी त्याआधीच शिडीचा दरवाजा उघडतं. धोका तिथे असतो.

तोडलेलं लाकूड लगेच निर्जीव होत नाही. ताज्या ढलप्यांतल्या काही पेशी श्वसन करत राहतात, ओलाव्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, लाकडातली मेदाम्लं हवेशी संयोग पावतात. या सगळ्यांना ऑक्सिजन लागतो. ओंडक्याचे लाखो तुकडे केल्यावर हवेला भिडणारा पृष्ठभागही कितीतरी पटींनी वाढलेला असतो. वर घट्ट झाकण आणि प्रवास कित्येक दिवसांचा. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन घसरत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ शकतो.

आपल्याकडे हे विज्ञान जमिनीखाली वापरात होतं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. पेवाचं तोंड मातीने लिंपलं की आतला ऑक्सिजन संपतो, कीड जगत नाही आणि हळद टिकते. तीच हवा माणसाचा जीव घेते. म्हणून पेव उघडून काही वेळ तसंच ठेवायचं, कंदील आत सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, ही जुनी रीत. रीत शहाणपणाची आहे, पण अपुरी. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. कार्बन मोनॉक्साइड मात्र तिला कळत नाही. जहाजात तर लाकडाची धूळ पेट घेण्याचीही भीती, म्हणून तिथे ज्योत नेतच नाहीत. ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र दोरीने वेगवेगळ्या खोलीवर सोडतात.

नोव्हेंबर २००६मध्ये स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात ‘सागा स्प्रे’ या जहाजातून लाकडाच्या गोळ्या उतरवत असताना एक खलाशी मेला, एक बंदर कामगार गंभीर जखमी झाला. ही माणसं कोठाराशेजारच्या जिन्यात होती. कोठारातली हवा फटींतून अशा बंद जिन्यात सहज झिरपते आणि वरचं झाकण उघडलं तरी तिथली हवा बदलत नाही. १ जानेवारी २०११पासून सक्तीच्या झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत म्हणूनच कोठाराबरोबर लगतच्या जागांचाही उल्लेख आहे: हवा तपासल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

ऑक्सिजन कमी पडतोय हे आपल्या शरीराला नीट उमगत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर होते. सहा टक्क्यांहून कमी ऑक्सिजनमध्ये माणूस जवळजवळ लगेच कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. वरचा सोबती हे बघून धावत उतरतो आणि तोही पडतो. जुन्या विहिरी आणि गोबरगॅसच्या टाक्यांतही हवा अशीच बिघडू शकते. तिथे तोंडाला फडकं बांधून उपयोग नाही आणि गाळणीचा मुखवटाही कामाचा नाही: गाळणी काही विषारी वायू अडवेल, पण नसलेला ऑक्सिजन कुठून आणणार? वाचवायला उतरणाऱ्याच्या पाठीवर स्वतःच्या हवेची टाकी हवी, कमरेला दोर हवा आणि दोराचं दुसरं टोक धरायला बाहेर माणसं हवीत.