थॅलेसेमिया : उल्हासनगरच्या बराकींपासून जनुक-संपादनापर्यंत

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर असं नामकरण झालं. घरं, शेती, पेढ्या, सगळं मागे सोडून आलेल्या या माणसांनी शून्यातून शहर उभं केलं. त्यांच्यासोबत पिढ्यान् पिढ्यांचा एक अदृश्य वारसाही आला होता : बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचं जनुक.

हे जनुक सिंधमध्ये टिकलं कसं, याचं उत्तर मलेरियाकडे बोट दाखवतं. १९४९ सालीच जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी असा विचार मांडला, की थॅलेसेमियाचं एकच सदोष जनुक असलेल्या माणसाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळत असावं. त्यामुळे डासांच्या प्रदेशांत असे वाहक अधिक संख्येने जगले. पुढच्या संशोधनाने या विचाराला भक्कम आधार दिला. म्हणजे आज ज्याला आपण दोष म्हणतो, ती एकेकाळी जगण्याची ढाल होती. यात कोणत्याही समाजाने लाजण्यासारखं काहीच नाही.

शरीरात नेमकं काय बिघडतं?

प्रौढ माणसाचं हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं बनलेलं असतं. बीटा साखळी घडवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. एक प्रत सदोष असेल तर माणूस ‘थॅल मायनर’, म्हणजे वाहक. त्याला आजार नसतो, फार तर किंचित ॲनिमिया असतो. दोन्ही प्रती सदोष असतील तर ‘थॅल मेजर’. अशा मुलाच्या शरीरात बीटा साखळ्या फारच कमी बनतात किंवा बनतच नाहीत. मग शिल्लक उरलेल्या अल्फा साखळ्या साचतात आणि तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात. बाळ पहिल्या दोन वर्षांतच फिकट पडू लागतं.

मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणं आलं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि जादा लोह बाहेर टाकण्याची व्यवस्था माणसाच्या शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत साठतं. पूर्वी हे लोह काढण्यासाठी डेस्फेरॉक्झमिनचा पंप रात्री आठ-दहा तास त्वचेखाली लावावा लागे. तोंडाने घेता येणाऱ्या डिफेरिप्रोनच्या चाचण्यांत मुंबईचे डॉ. एम. बी. अगरवाल आणि सहकाऱ्यांचं काम महत्त्वाचं ठरलं. १९९०च्या दशकाच्या मध्यात हे औषध भारतात बाजारात आलं. अमेरिकेत त्याला २०११मध्ये मान्यता मिळाली.

मिटलेलं जनुक पुन्हा उघडताना

आज या संशोधनाची सर्वांत पुढची वाट गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनकडे जाते. गर्भात बाळाचं हिमोग्लोबिन अल्फा आणि गॅमा साखळ्यांचं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा जनुक जवळजवळ बंद होतं आणि बीटा काम हाती घेतं. काही रुग्णांत गॅमा पूर्ण बंद होत नाही आणि त्यांचा आजार सौम्य राहतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. २००८मध्ये हे जनुक बंद करणारा प्रमुख घटक सापडला : बीसीएल-११-ए. हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांचं काम यात मोलाचं होतं. तो रोखला तर गॅमा जनुक पुन्हा उघडतं, पण हा घटक शरीरात इतरत्रही हवा असतो. म्हणून शास्त्रज्ञांनी फक्त तांबड्या पेशींमध्ये त्याला चालना देणारा डीएनएचा छोटा भाग हेरला.

क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने नेमका तोच भाग कापता येतो. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत संपादित करायच्या, जोरकस केमोथेरपीने मज्जा रिकामी करायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण वर्षभर किंवा अधिक काळ रक्त न चढवता राहिले. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला जगात पहिली मान्यता दिली. अमेरिकेतली त्याची किंमत मात्र बावीस लाख डॉलर आहे.

हा आकडा ऐकून मन खट्टू होतं, पण वाट बंद नाही. जुळणारा भाऊ किंवा बहीण दाता असेल तर मज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६पासून थॅलेसेमियासाठी असं प्रत्यारोपण होत आलं आहे. मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं केंद्र याच कामासाठी उभं आहे. कोल इंडियाच्या निधीतून चालणारी ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ पात्र मुलांना दहा लाखांपर्यंत मदत देते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

सर्वांत स्वस्त विज्ञान

दोन मायनर व्यक्तींचं लग्न झालं तर प्रत्येक गर्भारपणात बाळ मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. भारतात वाहकांचं सरासरी प्रमाण तीन ते चार टक्के धरलं जातं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत ते बरंच जास्त आहे. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत बीटा जनुकाचा ६१९ अक्षरांचा तुकडा गळलेला असणं हा एक ओळखीचा बदल आहे. पण हा फक्त त्यांचाच प्रश्न समजणं चूक ठरेल. मराठी घरांतही मायनर सापडतात. शिवाय उल्हासनगरजवळच्या अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या संकुलांत सगळ्या प्रांतांची माणसं शेजारी राहतात आणि त्यांची मुलं एकमेकांशी लग्नंही करतात.

आपण मायनर आहोत का, हे सांगणारी एचबी-ए-२ची तपासणी एका रक्तनमुन्यावर होते आणि आयुष्यात एकदाच पुरते. साध्या रक्तचाचणीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, कमी आलं, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढेना, तर ही तपासणी मागून घ्यावी. दोघंही मायनर निघाले तरी लग्न मोडायची गरज नाही. गर्भारपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था या क्षेत्रात अनेक वर्षं काम करत आहे आणि बदलापूरहून परळ एका लोकलच्या अंतरावर आहे. सायप्रस आणि सार्डिनियाने तपासणी, समुपदेशन आणि गर्भनिदान यांच्या बळावर नव्या मेजर बाळांची संख्या अगदी थोडी केली. तेही क्रिस्परचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या प्रत्येक महाविद्यालयात प्रवेशाच्या वर्षीच ही तपासणी व्हावी. अहवाल गुप्त राहावा, समुपदेशक हाताशी असावा आणि मायनर असणं म्हणजे कलंक नव्हे, हे वर्गात शिकवलं जावं. आज मेजर असलेल्या मुलांना सुरक्षित रक्त, लोह काढणारी औषधं आणि उद्या जनुक-उपचार मिळायलाच हवेत. तो त्यांचा हक्क आहे. जनुक-उपचार स्वस्त होण्यासाठी काही वर्षं लागतील. एचबी-ए-२ची तपासणी मात्र येत्या सुट्टीतही करून घेता येते. घरात लग्नाच्या वयाचं कुणी असेल, तर पत्रिकेच्या आधी तो अहवाल पाहा.