मैदान सुटले, खेळ सुटला नाही

दुखापतीने खेळाडूचे पाय थांबले की घरात एकच प्रश्न उभा राहतो, 'आता पुढे काय?' मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या खालिद जमील यांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला सोळा वर्षे लागली.

खेळाडूचे आयुष्य इतरांच्या मानाने फार लहान असते. कारकून, शिक्षक किंवा दुकानदार वयाच्या तिसाव्या वर्षी जेमतेम स्थिरावत असतो. त्याच वयात फुटबॉलपटूला निवृत्तीचे वेध लागतात. त्यात गुडघा किंवा घोटा दुखावला तर तेवढाही वेळ मिळत नाही. ज्या मुलाच्या नावावर गल्लीत फटाके वाजत, तोच मुलगा काठी टेकत घरी येतो. शेजारीपाजारी हळहळतात आणि आईवडिलांना वाटते, अभ्यास सोडून खेळाच्या मागे लागू दिले ही आपलीच चूक झाली.

पण ती खरोखर चूक असते का? पाय थकले म्हणून त्या पायांनी शिकवलेले सगळे वाया जाते का? खालिद जमील यांची कारकीर्द पाहिली तर तसे वाटत नाही.

कुवेत ते कूपरेज

खालिद यांचा जन्म 1977 साली कुवेतमध्ये एका भारतीय कुटुंबात झाला. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तिथे राहणाऱ्या भारतीयांचे संसार रातोरात उघड्यावर आले. एअर इंडियाने तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणले. महाराष्ट्रातल्याही अनेक घरांना त्या दिवसांची आठवण असेल. या युद्धामुळे जमील कुटुंबालाही कुवेत सोडून भारतात यावे लागले.

खालिद यांच्याबरोबर फुटबॉल आलेच होते. मुंबईत क्रिकेटपुढे इतर खेळांना कोण विचारतो, असे आपण सहज म्हणतो. पण कूपरेजच्या मैदानावर फुटबॉलचे वेगळेच जग नांदत होते. मोठ्या कंपन्यांचे संघ होते, खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे आणि संध्याकाळच्या सामन्यांना जाणकार प्रेक्षक हमखास येत. खालिद 1997 साली महिंद्र युनायटेडमध्ये आले. पुढे काही वर्षे ते एअर इंडियाकडून खेळले आणि 2002 मध्ये पुन्हा महिंद्रकडे परतले. मधल्या फळीत खेळणाऱ्या या खेळाडूने भारताची जर्सीही घातली.

कोलकात्याच्या बड्या क्लबांकडून त्यांना बोलावणे आले होते. तिथे पैसाही होता आणि नावही. पण त्या संघांच्या जर्सीवर मद्याच्या कंपनीचे नाव असे. ते अंगावर मिरवणे मनाला पटले नाही म्हणून खालिद यांनी नकार दिला आणि ते मुंबईतच राहिले.

2005–06 च्या मोसमात महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप असे दोन्ही मान पटकावले. महाराष्ट्रातल्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

दोन वर्षे, एकही सामना नाही

2007 मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब सुरू झाला आणि खालिद त्यात दाखल झाले. पण दुखापतींनी असे घेरले की या क्लबसाठी त्यांना एकही सामना खेळता आला नाही. दोन वर्षे ते संघात होते, पण फक्त कागदोपत्री. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी बूट उतरवले.

इथेच गोष्ट संपायची. पण क्लबने त्याच वर्षी त्यांच्यावर वेगळी जबाबदारी टाकली. इंग्लंडचे डेव्हिड बूथ यांच्या जागी त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आले. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कपडे बदलत होतो, त्यांनाच उद्यापासून शिस्त लावायची, हे काम सोपे नव्हते.

फुटबॉलच्या इतिहासात अशी उदाहरणे आहेत. सर्वात गाजलेले म्हणजे इंग्लंडचे ब्रायन क्लफ. 274 लीग सामन्यांत 251 गोल करणाऱ्या या आघाडीवीराचा गुडघा 26 डिसेंबर 1962 रोजी निकामी झाला. वय अवघे 27. तीन वर्षांनी त्यांनी हार्टलपूल या तळाशी खितपत पडलेल्या गरीब क्लबची सूत्रे हाती घेतली. त्याच क्लफ यांनी पुढे डर्बी काउंटी आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांना इंग्लंडचे विजेते केले आणि फॉरेस्टला 1979 व 1980 असे लागोपाठ दोनदा युरोपियन कप मिळवून दिला. इंग्लंडमध्ये आजही अनेक जायबंदी खेळाडू असेच छोट्या क्लबांकडे वळतात. तिथे पगार बेताचा, मैदान ओबडधोबड आणि प्रेक्षक मोजके असतात. पण शिकायला मिळते ते तिथेच.

खालिद यांच्यासाठी मुंबई एफसी ही अशीच शाळा ठरली. संघाकडे पैसा बेताचा आणि नावाजलेले खेळाडू कमी. विजेतेपदाचे स्वप्न दूरच, पहिल्या श्रेणीत टिकून राहणे हेच दरवर्षीचे उद्दिष्ट. सात मोसम खालिद यांनी हा संघ टिकवून धरला. टिकून राहिल्याबद्दल कुणी हारतुरे घालत नाही. संसार काटकसरीने चालवणाऱ्या गृहिणीला जसे कुणी बक्षीस देत नाही, तसेच हे. 2016 मध्ये मात्र क्लबने त्यांना निरोप दिला.

डोंगरावरचा चमत्कार

नोकरी गेलेल्या प्रशिक्षकाला मिझोरममधून बोलावणे आले. ऐझॉल एफसी हा संघ आधल्याच मोसमात आय-लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली, एवढेच. संघाचा खर्च जेमतेम दोन कोटी रुपयांच्या घरात असल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. कोलकाता आणि बंगळूरच्या संघांपुढे ही रक्कम किरकोळच.

खालिद यांनी स्थानिक मिझो मुलांना हाताशी धरले. जोडीला मोजके परदेशी खेळाडू घेतले आणि मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेल्या जयेश राणे व आशुतोष मेहता यांनाही बोलावून घेतले. ज्यांना कोणी फारसे विचारत नव्हते, अशांची ही मोट होती. 22 एप्रिल 2017 रोजी त्यांनी ऐझॉलमध्ये बलाढ्य मोहन बागानला 1–0 असे हरवले. आठ दिवसांनी शिलाँगमध्ये शेवटचा सामना झाला. विजेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती, पण नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगने गोल केला. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला याने बरोबरी साधली आणि ऐझॉल 37 गुणांनी विजेता ठरला. बागानचे 36 गुण झाले. ईशान्य भारतातल्या संघाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. प्रशिक्षकाने नुकतीच चाळिशी गाठली होती.

याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि खालच्या श्रेणीत घसरला. नंतर तो क्लबच बंद झाला. सात वर्षे 'फक्त टिकवून धरणे' म्हणजे काय होते, ते खालिद गेल्यावर कळले.

पुन्हा खाली, पुन्हा वर

यानंतर सगळे सुरळीत झाले असेल, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांनी त्यांना बोलावले, पण कोलकात्यात आय-लीगचे विजेतेपद हाती लागले नाही. मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते सहायक झाले. मुख्य प्रशिक्षकपद भूषवलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे सोपे नसते. त्यांनी ते केले. जानेवारी 2021 मध्ये मधेच संघाची सूत्रे हाती आली, तेव्हा त्यांनी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

पुढचाच मोसम वाईट गेला. नॉर्थईस्ट अकरा संघांत दहावा आला. खालिद पुन्हा पायऱ्या उतरले आणि 2023 मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या बंगळूर युनायटेडकडे गेले. तिथून वर्षअखेरीस जमशेदपूरने त्यांना उचलले. 2024–25 मध्ये त्यांचा संघ लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत पोहोचला.

1 ऑगस्ट 2025 रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांची राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी निवड केली. गोव्याचे सावियो मदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले. अखेरच्या तिघांच्या यादीत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन हेही होते. त्यांचेही खेळणे दुखापतीनेच अकाली संपले होते आणि याआधी दोन वेळा त्यांनी भारताला प्रशिक्षण दिले होते.

सुरुवात झकास झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर 2–1 असे हरवून आणि पेनल्टींवर ओमानला नमवून भारताने मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 2–1 असा पराभव झाला आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. कौतुक आणि टीका, दोन्ही दोन महिन्यांत वाट्याला आले. ज्याने सात वर्षे तळाशी झुंज दिली, त्याला याचे नवल वाटायचे कारण नाही.

पालकांनी काय घ्यावे?

मुलगा किंवा मुलगी खेळताना जायबंदी झाली तर आधी योग्य उपचार हवेत. गुडघ्याच्या स्नायुबंधावर आज दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते आणि साधारण नऊ महिने ते वर्षभराच्या व्यायामानंतर बहुतेकांना पुन्हा खेळता येते. घाईने मैदानात उतरवणे मात्र धोक्याचे.

आणि खेळणे शक्यच नसेल तर? प्रशिक्षकासाठी परवाना परीक्षांची शिडी असते. अगदी प्राथमिक पायरीपासून सी, बी, ए आणि शेवटी प्रो. याखेरीज पंच, फिजिओथेरपिस्ट, शाळेतला क्रीडाशिक्षक असे मार्गही आहेत. खेळ जाणणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक ठिकाणी असते.

फक्त पहिली पायरी खालची आहे म्हणून लाजू नये. ज्या क्लबसाठी खालिद यांना एकही सामना खेळता आला नाही, त्याच क्लबमध्ये ते प्रशिक्षणाची बाराखडी शिकले. मुलगा पायाला बँडेज बांधून खाटेवर पडला असेल, तेव्हा 'खेळ सोड' असे म्हणण्याची घाई करू नका. त्याला आधी विचारा, 'या खेळातले तुला आणखी काय काय येते?'