जुन्या जीपची वारंवार होणारी पाणीगळती

आपल्या बोदवड भागांत जुनी जीप ही चैनीची वस्तु नव्हे. बियाणें, खताचीं पोतीं, फवारणीचीं औषधें आणि वेळप्रसंगीं आजारी माणूस, ह्या सर्वांची ने-आण तीच करते. अशा गाडीचें पाणी गळूं लागलें म्हणजे मालक गळती बंद करवितो. परंतु पुढच्या उन्हाळ्यांत ती दुसऱ्या ठिकाणीं सुरू होते. प्रस्तुत लेखकानें ह्या दुखण्यांत तीन उन्हाळे काढले. त्या अनुभवाचा इतर शेतकरी बंधूंस उपयोग व्हावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पहिल्या उन्हाळ्यांत रेडिएटरच्या वरच्या टाकीचा जुना सांधा पाझरूं लागला. त्यास डाख देवविला. दुसऱ्या वर्षीं वरची रबरी नळी फाटली. ती नवी बसविली. तिसऱ्या वर्षीं खालची टाकी ठिबकूं लागली. तेव्हां एका ट्रकचालकाच्या सल्ल्यावरून रेडिएटरांत दोन मुठी हळद टाकली. गळती थांबली व आम्हीं समाधान मानलें. पंधरा दिवसांनीं घरांतील वृद्ध आजारी माणसास भर दुपारीं भुसावळास नेत असतां वरणगांवाच्या अलीकडे उष्णतेचा कांटा तांबड्या खुणेवर गेला आणि गाडी वाफ सोडीत उभी राहिली. मीं घाईनें झाकणास हात घातला. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानें तो वेळींच ओढून धरला, म्हणून हात व तोंड भाजण्यापासून वांचलें. आजाऱ्यास त्याच्याच ट्रॉलींत निजवून उन्हांतून पुढें न्यावें लागलें.

गाडी ओढून परत आणल्यावर एका वृद्ध मिस्त्रीस दाखविली. त्यांनीं आधीं रेडिएटरचें झाकण हातांत घेतलें. त्यावर १५ हा आंकडा होता. आमच्या गाडीच्या पुस्तकांत ७ पौंडांचें झाकण सांगितलें आहे. पहिल्या दुरुस्तीच्या वेळीं जुनें झाकण हरवलें आणि हातास आलें तें दुसरें बसविलें गेलें, हें तेव्हां ध्यानांत आलें.

हें झाकण म्हणजे केवळ बूच नव्हे. त्यांत स्प्रिंगवर दाबलेली एक झडप असते. पाणी तापून आंतला दाब दर चौरस इंचास ७ पौंडांवर गेला, कीं ती उचलली जाऊन जास्तीचें पाणी बाहेर पडतें. दाबाखालीं पाणी उशिरां उकळतें. ७ पौंडांच्या दाबानें सुमारें १११ अंशांवर, तर १५ पौंडांच्या दाबानें सुमारें १२१ अंशांवर. नव्या गाड्यांचे रेडिएटर अधिक दाब सोसण्याजोगे केलेले असतात. जुन्याचे सांधे तो सोसत नाहींत. शेतकऱ्यास हें सांगणें अवघड नाहीं. तलावाचा सांडवा उंच केला, तर बांध सर्वांत कच्च्या जागीं फुटतो. ती जागा भरली तर दुसरी फुटते. आम्हीं भगदाडें बुजवीत राहिलों. सांडव्याकडे कोणीं पाहिलें नाहीं.

आतां हळदीविषयीं. हळद भिजून फुगते व भेगेंत बसते हें खरें. परंतु भेग कोणती आणि पाणी निवविणारी बारीक नळी कोणती, हा भेद तिला कळत नाहीं. आमचा रेडिएटर उघडला तेव्हां पुष्कळशा नळ्या हळदीनें व बोअरच्या जड पाण्याच्या पांढऱ्या क्षारानें भरलेल्या आढळल्या. शिवाय आपल्याकडील वैशाख! आंतलें पाणी ९० अंश व बाहेरची हवा ३० अंश असतां जेवढी उष्णता हवेंत जाते, तिच्या पाऊणपटच, हवा ४५ अंशांची झाल्यावर जाते. अशा दिवसांत नळ्याहि बंद असल्या, तर इंजिन तापणारच.

गळती शोधतांना पुढील क्रम ठेवावा. इंजिन पूर्ण थंड असतां प्रथम झाकणावरील आंकडा, रबराची चकती व स्प्रिंग तपासावी. मग नळ्यांचीं तोंडें, पाण्याच्या पंपाखालचें बारीक छिद्र व टाक्यांचे सांधे पहावेत. वाळलेला पांढरा किंवा हिरवा डाग गळतीची जागा दाखवितो. तेथें कांहीं न दिसल्यास, दाबाचा कांटा असलेला हातपंप गॅरेजमध्यें मिळतो, तो लावून झाकणावर लिहिलेल्या आंकड्याएवढाच दाब द्यावा व दहा मिनिटें थांबावें. कांटा उतरला आणि बाहेर थेंब नसला, तर पाणी इंजिनाच्या आंत जात असण्याचा संभव आहे. तेल दुधाळ होणें, धूर पांढरा येत राहणें, रेडिएटरांत सतत बुडबुडे येणें, हीं हेडखालचें गॅस्केट गेल्याचीं लक्षणें होत. अशा वेळीं गाडी चालवूं नये.

दुरुस्तीनंतर बोअरचें पाणी घालूं नये. बॅटरीसाठीं मिळणारें शुद्ध पाणी व कूलंट निम्मेनिम्म घालावें, आणि कूलंटच्या डब्यावर सांगितलेल्या मुदतीनें तें बदलावें. एक इशारा मात्र अवश्य ध्यानीं ठेवावा: बहुतेक कूलंटमध्यें असणारें एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड व जनावरांस प्राणघातक असतें. काढलेलें पाणी अंगणांत किंवा गोठ्याजवळ ओतूं नये, व भांडें उघडें ठेवूं नये.

वाटेंत गाडी तापलीच, तर ती सावलींत बंद करून निदान अर्धा तास थांबावें. वरची नळी हातास निवाल्यावर जाड फडकें घेऊन झाकण सावकाश सैल करावें. तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतल्यास लोखंडास तडा जातो.

आमच्या गाडीचा रेडिएटर साफ करून, खालच्या टाकीस डाख देऊन, ७ पौंडांचें झाकण बसविलें. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. पाणी जाग्यावर आहे. झाकणाची किंमत मागील दुरुस्त्यांच्या खर्चापुढें क्षुल्लक होती. तरी शेतकरी बंधूंनीं येत्या चैत्रापूर्वीं एका सकाळीं, इंजिन थंड असतां, आपल्या गाडीच्या झाकणावरील आंकडा पुस्तकाशीं ताडून पहावा. पाहण्यास पांच मिनिटें लागतात. न पाहिल्याचें फळ आमच्या घरच्या आजाऱ्यानें भर उन्हांत भोगलें.