मोटारीच्या पोटातील काजळी

कंदिलाच्या काळात दिवेलागणीपूर्वी काच राखेने पुसून लख्ख करणे हे घरातील मुलांचे काम असे. काच काळी राहिली, तर वात कितीही वर केली तरी उजेड पडत नसे. डिझेल मोटारीतही अशीच एक जागा आहे; परंतु ती दृष्टीआड असल्यामुळे तिची आठवण सहसा होत नाही.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू व २१ टक्के प्राणवायू असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. मात्र एंजिनात इंधन पेटले म्हणजे ज्वालेचे उष्णतामान दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यांचा संयोग होऊन नत्राची घातक ऑक्साइडे बनतात. लॉस एंजलिस शहरातील डोळे झोंबविणाऱ्या धुरक्यात त्यांचा मोठा वाटा आहे, हे आरी हागेन-स्मिट ह्या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले.

ह्यावर युक्ती निघाली ती अशी : एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा भाग पुन्हा आत सोडावयाचा. त्यात प्राणवायू कमी असतो आणि तो स्वतः उष्णता शोषून घेतो. म्हणून ज्वाला फार तापत नाही. किती धूर परत न्यावयाचा हे एक झडप ठरविते. ह्या योजनेस ‘ई.जी.आर.’ म्हणतात.

परंतु धुराबरोबर काजळी येते. तिच्यात तेलाची वाफ मिसळली की डांबरासारखा थर झडपेवर बसतो. मोटार नेहमी थोड्याच अंतरावर, संथ गतीने फिरत असेल, तर एंजिन पुरते तापत नाही व थर लवकर वाढतो. मग झडप अडकते. ती उघडी राहिली, तर उभी मोटार थरथरते, काळा धूर ओकते, चढावर दम टाकते.

आमच्या घरच्या मोटारीचे असेच झाले. एका मिस्त्रीने सुचविले, “पत्रा लावून ही वाट बंदच करू.” वडिलांनी ते मानले नाही, दुसऱ्या कारागिराकडून झडप साफ करविली.

त्याने प्रथम एंजिन निवू दिले व बॅटरीची ऋण टोकाची तार सोडली. हातमोजे व चष्मा घालून, विस्तवापासून दूर, उघड्या अंगणात झडप काढली. कार्बन विरघळविणारे द्रव फवारून थर भिजू दिला आणि मऊ ब्रशने हळूहळू काढला. विजेचा भाग ओला होऊ दिला नाही, धातूने खरवडले नाही, झडप बळेच हलविली नाही. नळीच्या तोंडाची काजळी काढताना खपली एंजिनात पडू नये, म्हणून तो विशेष जपत होता. शेवटी नवे गॅस्केट घालून त्याने सर्व पूर्ववत् बसविले. हे काम जाणत्या हातांचेच आहे. मुलांनी ते जवळून पाहावे, एकट्याने करू नये.

पत्रा लावल्यानेही मोटार धावली असती. परंतु मग जे विष एरवी उत्पन्नच झाले नसते, ते रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या छातीत गेले असते. काच काळी झाली म्हणून आपल्या आजीने कधी कंदील फोडला नाही; ती काच पुसावयास बसली.