दिवा लागतो, मग चित्र का जातं?

26 एप्रिल 2024 रोजी वर्धा लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. त्या निवडणुकीत देशातल्या किमान निम्म्या मतदान केंद्रांवरून थेट चित्रण करण्याचं निवडणूक आयोगाचं धोरण होतं. एरवीही हिंगणघाटच्या जिनिंगपासून आर्वीतल्या शिकवणी वर्गापर्यंत कॅमेरा आता रोजच्या कामाचा झाला आहे. तो बंद पडला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘कॅमेरा गेला.’ पुष्कळदा कॅमेरा धडधाकट असतो, त्याला वीज पुरत नसते.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे, दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली. वेबकॅमच्या बारीक एलईडीला काही मिलिअँपिअर पुरतात. खरी भूक लागते ती चित्र सुरू झाल्यावर, सेन्सर आणि आतली चिप कामाला लागली की. म्हणून दिवा लागतो, चित्र उमटतं आणि दोन क्षणांत जातं.

दुसरा समज, सगळे पोर्ट सारखेच. यूएसबी 2.0 च्या पोर्टकडून 500 मिलिअँपिअरची हमी असते, यूएसबी 3.0 कडून 900 ची. बिनअ‍ॅडॅप्टरचा चार तोंडांचा हब मात्र एकाच पोर्टचे 500 वाटून घेतो. नियमाने त्याच्या प्रत्येक तोंडाच्या वाट्याला 100 च येतात. त्यावर माउस, पेनड्राइव्ह आणि कॅमेरा एकत्र लावले, तर कॅमेऱ्याची उपासमार ठरलेलीच. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब घ्यावा, नाहीतर कॅमेरा थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावावा.

केबलकडे तर कोणी बघतच नाही. स्वस्त केबलमधली 28 गेजची तार मीटरमागे सुमारे 0.21 ओहम रोध करते. पाच मीटर लांबीत वीज जाऊन परत येते, म्हणजे दहा मीटरचा प्रवास आणि दोन ओहमच्या वर रोध. अर्धा अँपिअर वाहिला की पाचातला एक व्होल्ट वाटेतच जिरतो. कॅमेऱ्याच्या हाती उरतात चार, आणि तेवढ्यावर तो चालेल याचा भरवसा नाही. तेवढ्याच लांबीची 20 गेजची जाड तार जेमतेम 0.17 व्होल्ट खाते.

‘आमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं’ म्हणून कॅमेऱ्यासाठी स्टॅबिलायझर घेणारेही भेटतात. अ‍ॅडॅप्टरवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. म्हणजे 230 ची लाइन 180 वर आली तरी त्याचं काम चालू राहतं. त्रास होतो तो लाइट क्षणभर जाऊन येते तेव्हा, आणि त्यावर उपाय यूपीएस आहे.

वर्ध्याचा उन्हाळा मात्र खरोखर आड येतो. अनेक संगणकांत पोर्टच्या रक्षणासाठी एक छोटा फ्यूज असतो. जास्त प्रवाहाने तापला की तो वाट अडवतो आणि थंड झाला की आपोआप मोकळी करतो. भोवती आधीच ऊन पंचेचाळिशीवर असेल, तर तो एरवीपेक्षा कमी प्रवाहालाच अडतो. कॅमेरा दुपारी बंद पडतो, संध्याकाळी सुरू होतो आणि लोक म्हणतात, रीस्टार्टने जमलं!

‘मोठ्या अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला तर कॅमेरा जळेल’ ही भीतीही अनाठायी आहे. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी कॅमेरा लागेल तेवढेच घेतो. उलट 12 व्होल्टची पिन 5 व्होल्टच्या कॅमेऱ्यात बसते आणि घात तिथे होतो. सीसीटीव्ही फक्त रात्री बंद पडत असेल, तर इन्फ्रारेड दिव्यांमुळे अंधारात वाढणारी मागणी अ‍ॅडॅप्टरला झेपत नाही का, हे आधी पाहावं.

कधी वीज पुरेशी असते, पण विंडोज ती वाचवायला पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी खूण काढली की तो प्रश्न मिटतो.

केबल आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लागणारा यूएसबी मीटर स्वस्तात मिळतो. तो कॅमेऱ्याच्या टोकाला जोडून, चित्र चालू असतानाच व्होल्टचा आकडा वाचावा. साडेचारच्या खाली गेला तर केबल, हब किंवा पोर्ट बदलावा. पाचाच्या आसपास स्थिर राहूनही चित्र जात असेल, तर ड्रायव्हर तपासून कॅमेरा दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तिथेही तेच झालं, तर नवा कॅमेरा घ्यावा.