सायकलसाठी सोपा रस्ता कोणता?

इंग्लंडच्या नैऋत्य भागात ब्रिस्टल आणि बाथ ही दोन शहरे आहेत. त्यांच्यामधून एकोणिसाव्या शतकात एक लोहमार्ग बांधला गेला. १९६६ साली त्यावरील प्रवासी गाड्या बंद झाल्या, पुढे मालगाड्याही थांबल्या आणि रूळ उखडले गेले. उरली ती नुसती रिकामी वाट. या वाटेवर १९७९ ते १९८६ या काळात सायकलप्रेमी स्वयंसेवकांनी श्रमदान करून सुमारे २१ किलोमीटर लांबीचा रस्ता तयार केला. त्यावर मोटारी नाहीत. फक्त पादचारी आणि सायकली. वाटेत सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो आणि एव्हॉन नदीवरचे पूलही लागतात. पुढे इंग्लंडमध्ये इतरत्र आणि स्पेनसारख्या देशांतही अशा अनेक जुन्या लोहमार्गांचे सायकलमार्ग झाले.

सायकलसाठी नेमका जुना लोहमार्गच का निवडावा? केवळ जागा मोकळी होती म्हणून नव्हे. याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते, तेव्हा घर्षण फारच थोडे होते. सपाट मार्गावर १ टन वजनाचा डबा सावकाश ओढण्यास सुमारे २० न्यूटन बल पुरते. आता मार्गाला १०० मीटरला १ मीटर, म्हणजे '१०० स १' असा चढ आहे असे समजा. डब्याच्या वजनाचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे १०० न्यूटन, त्याला मागे खेचू लागतो. इंजिनाला आता २० ऐवजी १२० न्यूटन, म्हणजे सहापट बल लावावे लागते! शिवाय गुळगुळीत रुळावर इंजिनाची चाके घसरण्याची भीती असतेच. आपल्या बोरघाटात '३७ स १' असा चढ आहे. तेथे कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, ती याचसाठी. म्हणून लोहमार्ग आखणारे अभियंते चढ टाळण्यासाठी जिवाचे रान करतात. सखल जागी भराव घालतात, उंचवटा खोदून काढतात, डोंगर आडवा आला तर बोगदा पाडतात.

जी गोष्ट इंजिनाची, तीच आपल्या पायांची. सायकल आणि स्वार मिळून ७५ किलोग्रॅम वस्तुमान आहे आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे असे धरा. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरच्या घर्षणाचा विरोध सुमारे ४ न्यूटन आणि वारा नसताना हवेचा विरोध सुमारे ९ न्यूटन असतो. एकूण १३ न्यूटन. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते: १३ × ५ = ६५ वॉट. निरोगी मुलाला एवढी शक्ती बराच वेळ लावता येते.

आता '२० स १' असा चढ आला. वजनाचा विसावा भाग, म्हणजे सुमारे ३७ न्यूटन, विरोधात भर घालतो. वेग तोच ठेवायचा तर ५० × ५ = २५० वॉट लागतील. एवढे बळ आपण थोडाच वेळ टिकवू शकतो. पूर्वीच्याच ६५ वॉटवर समाधान मानले, तर वेग ताशी साडेपाच किलोमीटरवर येतो. हा तर चालण्याचा वेग झाला! म्हणूनच अशा चढावर पुष्कळ जण उतरून सायकल हातात धरतात. '१०० स १' अशा चढावर मात्र तेवढ्याच शक्तीने ताशी सुमारे १४ किलोमीटर वेग मिळतो.

येथे कोणी म्हणेल, "चढाला जे गेले ते उताराला परत मिळतेच की!" हिशेब करून पाहू. '२० स १' असा १ किलोमीटर चढ चढण्यास सुमारे ११ मिनिटे लागतील. उतारावर पायडल न मारता वेग वाढत जाईल. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास वेग स्थिर होईल आणि तो किलोमीटर पावणेदोन मिनिटांत संपेल. एकूण २ किलोमीटरला पावणेतेरा मिनिटे. उलट, डोंगराला वळसा घालणारा सपाट रस्ता ३ किलोमीटरचा असला, तरी तो १० मिनिटांत पार होईल. चढताना मिळवलेली स्थितिज ऊर्जा उतरताना हवा ढवळण्यात आणि ब्रेक तापवण्यात खर्च होते. ती पुरती परत मिळत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न तर याहून मोठा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या मोटारीत, दर किलोग्रॅममागे, १८ किलोमीटर वेगाच्या सायकलीच्या नऊपट ऊर्जा असते आणि मोटारीचे वस्तुमानही कितीतरी पटींनी जास्त असते. अशा टकरीत सायकलस्वाराचा निभाव लागणे कठीण. आगगाडी चटकन थांबवता येत नाही, म्हणून लोहमार्ग बांधतानाच पुष्कळ आडवे रस्ते पुलावरून किंवा पुलाखालून नेलेले असतात. त्याचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो.

या वाटा शांतही असतात. खोदलेल्या भागात दोन्ही बाजूंचे मातीचे उतार आवाज अडवतात. याचेही महत्त्व आहे, कारण एका मोटारीपासूनचे अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते. पण वाहनांची सलग रांग असलेल्या रस्त्यापासून दुप्पट दूर गेले, तर ती फक्त निम्मी होते. वाहत्या रस्त्याचा आवाज दूरवर ऐकू येतो तो यामुळेच.

आपल्याकडे जुना लोहमार्ग जवळ नसेल. पण पाटाच्या कडेची वाट अनेक गावांत असते. पाणी संथ वाहावे म्हणून पाटाला अगदी अल्प उतार देतात, त्यामुळे ही वाट जवळजवळ सपाट असते. मात्र तेथे जाण्यास मोकळीक आहे का हे विचारून घ्यावे आणि पाण्याच्या काठापासून दूर राहावे.

शाळेच्या वाटेचा चढ तुम्ही स्वतः मोजू शकता. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. वाहने नसतील अशा वेळी, शिक्षकांसह, रस्त्याच्या कडेला १० मीटर अंतरावर दोघे उभे राहा आणि नळीची टोके उभी धरा. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर स्थिर होईल. प्रत्येक टोकाशी पाण्याची जमिनीपासूनची उंची मोजा. दोन उंचींतील फरक १० सेंटिमीटर आला तर चढ '१०० स १' झाला, ५० सेंटिमीटर आला तर '२० स १'. शाळेकडे जाणाऱ्या दोन-तीन वाटा अशा मोजा, त्यांवरील वाहनेही मोजा आणि वर्गात नकाशा काढून लावा. सर्वांत जवळची वाट हीच सर्वांत सोपी असते का, हे त्या नकाशावरून कळेल.